शेवटची सोळा पानं

तिनं तिसऱ्यांदा ‘मुदत वाढवा’ हे बटण दाबलं आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तेच वाक्य आलं : या पुस्तकाचा परवाना संपला आहे. तिनं चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. वाक्य होतं तिथंच होतं.

टेबलापलीकडे टेलरमास्तर उभे होते. दर दुसऱ्या सोमवारी वाचनालयाचं दार उघडून पाच मिनिटं होतात न होतात तोच ते वाचनालयाचा टॅब घेऊन हजर व्हायचे. टॅबला त्यांनी स्वतः शिवलेली जाड कापडी खोळ होती, आतून अस्तर लावलेली, कडेला दोन बटणं. डोळ्यांनी दगा दिल्यानंतर त्यांनी शिवलेली ही एकच वस्तू, तीही बोटांनी चाचपून.

“काय म्हणतंय?” मास्तरांनी विचारलं.

“थांबा जरा, मास्तर.”

“मी थांबलोच आहे. यंत्र का थांबलंय ते विचारतोय.”

तिनं ई-पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात तिला समजावून सांगितलं, आणि ऐकता ऐकता ग्रंथपालाचा हात कपाळाकडे गेला. चोवीस वर्षं ती या वाचनालयाची ग्रंथपाल होती. नियमांच्या बाबतीत ती इतकी काटेकोर, की समितीचे अध्यक्षसुद्धा तिच्यासमोरून नोंद न करता पुस्तक बगलेत मारून जायला धजत नसत. आणि त्या तिनं करारातली एक ओळ नीट वाचली नव्हती. वाढवलेली प्रत्येक मुदत म्हणजे नव्यानं दिलेलं पुस्तक, असं त्या ओळीत म्हटलं होतं.

“मास्तर, बसा,” ती फोन ठेवून म्हणाली.

“उभ्यानंच सांगा. बसायला सांगून कोणी चांगली बातमी देत नाही.”

“हे पुस्तक आपल्याला सव्वीस वेळा वाचायला देता येत होतं. ते सव्वीस वेळा देऊन झालं. आता ते उघडणार नाही.”

“सव्वीस जणांनी नेलं? मला तर वाटलं, मी एकटाच हा ठोकळा वाचतोय.”

“एकटेच. दर पंधरवड्याला मी मुदत वाढवून द्यायची, ती दर वेळी मोजली गेली. सगळ्या सव्वीस वेळा तुम्हीच आहात.”

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या डोळ्यांना आता शर्टाच्या बटणाएवढं अक्षर लागायचं. त्या आकारात पडद्यावर सात-आठ शब्द मावत. सात-आठ शब्द वाचायचे, बोट फिरवायचं, पुन्हा सात-आठ शब्द. अशा चालीनं ते वर्षभर त्या कादंबरीचा तिसरा भाग वाचत होते. गावात सगळे तिला नावाड्याची कादंबरीच म्हणत. नदीवरचा एक नावाडी, त्याची बायको आणि तिन्ही भागांत मिळून चौदा पूर. पहिले दोन भाग मास्तरांनी पंचवीस वर्षांपूर्वी, डोळे धड असताना, शिवणयंत्राशेजारी ठेवून वाचले होते. तिसऱ्या भागासाठी आले तर तो बाहेर गेलेला. पुढल्या महिन्यात आले तरी बाहेर. मग साठ्याच्या यादीत त्याच्यापुढे ‘गहाळ’ असा शेरा पडला, आणि नवी आवृत्ती काही कुणी काढली नाही. वर्षापूर्वी ते पुस्तक टॅबच्या पडद्यावर आलं तेव्हा मास्तरांनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता.

“किती राहिलंय तुमचं?” तिनं विचारलं.

“शेवटचं प्रकरण. नावाडी पुरात गेलाय, बायको घाटावर उभी आहे. छापील वीसेक पानं असतील.” त्यांनी मान वर केली. “मग नवीन सव्वीस घ्या की.”

“कंपनीनं ते वाचनालयांना द्यायचं बंद केलंय. कुणालाच देत नाहीत आता.”

“हे बघा, माझं डोकं शिंप्याचं. छापील पुस्तक आणलं की ते मी वाचीन, सुनेला देईन, तिनं तिच्या बहिणीला दिलं तरी मला कोण विचारणार?”

“कुणी नाही. छापील प्रत विकत घेतली की ती तुमची. शंभर जणांना वाचायला द्या, कायदा आड येत नाही. नकला काढायच्या नाहीत, एवढंच. हे मात्र आपण विकत घेतलंच नव्हतं. वाचायला द्यायची परवानगी तेवढी घेतली होती.”

“म्हणजे कापड नव्हतंच. भाड्याचा कोट होता.”

“तसंच म्हणा.”

“आणि नेमकं लग्न लागायच्या वेळी तो अंगावरून काढून नेला!”

तिला हसू आलं आणि लाजही वाटली. मास्तरांनी आवाज खाली आणला.

“पुतण्या म्हणतो, इंटरनेटवर असल्या फायली पडलेल्या असतात. एका मिनिटात काढून देतो म्हणतो.”

“नाही, मास्तर. या टेबलावरून तसलं काही जाणार नाही.”

“मला ठाऊक होतं. आपलं विचारून बघितलं.” ते उठले. टॅब खोळीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि रिकामी खोळ घडी करून खिशात घातली. “तुम्ही वाचलंय ना ते?”

“कॉलेजात असताना. सांगू का शेवट?”

“खबरदार! पंचवीस वर्षं थांबलोय. ऐकीव शेवट नको मला. वाचायचाय.”

ते गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना तिला इतकं वाईट वाटलं, की दोन वाचक पुस्तकं घेऊन समोर उभे राहिलेलेही तिला दिसले नाहीत.

दुपारपर्यंत तिनं आसपासच्या नऊ वाचनालयांना फोन केले. तिसरा भाग कुणाकडेच नव्हता. मग तिला आपल्याच वाचनालयातला तो ‘गहाळ’ शेरा आठवला. शेरा तिच्या आधीच्या ग्रंथपालाच्या हातचा होता. पुस्तकाला पाय फुटत नाहीत, कुणीतरी नेलं असणारच. तिनं शिडी लावली, माळ्यावरून देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या खाली काढल्या आणि शिंका देत देत पानं उलटली. चौथ्या वहीत ती नोंद सापडली. नावाड्याची कादंबरी, भाग तिसरा. परत आल्याचा रकाना कोरा होता आणि नेणाऱ्याच्या रकान्यात सभासद क्रमांक होता, एकशे बारा.

तिला यादी बघावी लागली नाही. एकशे बारा हा आकडा लिहिलेलं पिवळं कार्ड लहानपणी तिच्याच दप्तरात असायचं. ते तिच्या आईचं कार्ड होतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई शेंगा सोलत होती. बाबा, जन्मभर जमिनी मोजलेले सर्व्हेअर, खिडकीच्या फळीवर पट्टी लावून काहीतरी मोजत होते. निवृत्त झाल्यापासून घरातली एक वस्तू त्यांनी मोजायची सोडली नव्हती.

“आई, जरा आत ये.”

स्वयंपाकघरात तिनं नोंदवहीच पुढे धरली. आईनं नोंद वाचली. मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

“पंचवीस वर्षं लागली होय गं तुला? मला वाटलं होतं, नोकरीला लागल्या लागल्या पहिल्याच आठवड्यात माझं बखोट धरशील.”

“म्हणजे तू खरंच—”

“ओरडू नकोस. तुझ्या बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. पुस्तक पिशवीत, पिशवीत पाण्याची बाटली, बाटलीचं झाकण सैल. शेवटची सोळा पानं लगदा होऊन सुटून आली. असं पुस्तक घेऊन काय तोंडानं जाणार? पहिलीची बाई मी. पोरांना रोज सांगायची, पुस्तकं नीट वापरा म्हणून.”

“दंड भरून मोकळी व्हायचीस.”

“दंड भरून पानं आली असती का परत? तिथल्या सिस्टरकडे घरचे तिन्ही भाग होते. तिनं तिसरा दिला चार दिवसांसाठी. तुझ्या बाबांच्या उशाशी बसून मी सोळाची सोळा पानं उतरवून काढली आणि मागं शिवून टाकली.”

“हातानं उतरवलीस? आई, ही नक्कल झाली.”

“नक्कल कसली, ठिगळ आहे ते! फाटलं तिथं लावलं.” आईनं शेंगांची टोपली बाजूला सारली. “परत करायलाच निघाले होते. तर शेजारची म्हणाली, मला वाचू दे दोन दिवस. तिच्याकडून तिच्या नणंदेकडे गेलं. तेवढ्यात तू लागलीस नोकरीला. नवी नोकरी, आणि आईच तुझ्या वाचनालयाची चोर? म्हटलं, राहू दे. तेव्हापासून ते फिरतंय.”

“फिरतंय म्हणजे? अजून?”

“अजून. सध्या औषधांच्या दुकानातल्या वहिनींकडे आहे. त्यांची मोठी जाऊ रांगेत आहे.”

ग्रंथपाल स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. सभासदांच्या प्रत्येक कार्डावर तिनंच ठळक अक्षरात छापून घेतलेला नियम होता : घेतलेलं पुस्तक परस्पर दुसऱ्यास देऊ नये. गेली चोवीस वर्षं तिच्या नाकाखालून, तिच्या स्वतःच्या घरातून, तिच्या वाचनालयाचं पुस्तक गावभर परस्पर हिंडत होतं.

“मला ते उद्या हवंय,” ती म्हणाली.

“जप्ती आणतेस की काय?”

तिनं मास्तरांची गोष्ट सांगितली. आई ऐकत राहिली आणि मधेच तिचा चेहरा किंचित बदलला, जसा वर्गात एखादं पोर अडचणीचा प्रश्न विचारतं तेव्हा बदलायचा.

“शेवटचं प्रकरणच राहिलंय का त्यांचं?” तिनं विचारलं.

“तेवढंच.”

“हं,” आई म्हणाली आणि फोन करायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात फारसं कुणी नव्हतं. मास्तर निरोप मिळाल्याबरोबर इस्त्री केलेला शर्ट घालून आले होते. तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी ते नुसतं चाचपलं. पाठीवरून अंगठा फिरवला, कोपरे दाबले, मागच्या बाजूला बोटं थबकली.

“मागची शिवण बाईमाणसाची आहे. दुहेरी दोरा, टाके सारखे. पण मागचा कागद जाड कसा?”

“सांगते. आधी छापील चार पानं मी वाचते. पुढचं तुमचं तुम्ही बघा.”

तिनं हळू आवाजात चार पानं वाचली. नदी चढत गेली, दोर तुटला, घाटावरची माणसं घरी परतली आणि नावाड्याची बायको तेवढी उभी राहिली. मग छापील मजकूर संपला. तिनं पान उलटून पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

चित्रकलेच्या वहीचा जाड पांढरा कागद होता. आईनं उभा जन्म पहिलीच्या फळ्यावर काढला होता. तिला बारीक लिहिताच येत नसे, तिची सही बँकेच्या चौकटीत कधी मावली नाही. सोळा छापील पानं उतरवायला तिला दोन वह्या लागल्या होत्या. काळी शाई, सरळ रेघेवर गोल, सुटी, टपोरी अक्षरं, एका ओळीत पाच-सहा शब्द. मास्तरांनी मान खाली नेली, थोडी तिरकी केली, मग परत सरळ केली.

“दि... दिवस,” ते म्हणाले. “दिवस वर आला तरी ती तिथून हलली नाही.”

ते थांबले. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

“अहो, मला दिसतंय. कागदावरचं दिसतंय मला.”

“वाचा ना मग,” ती म्हणाली.

ते ओठ हलवत, बोट ओळीखाली ठेवून वाचत राहिले. तिनं शेजारी बसून परत आलेल्या पुस्तकांच्या पाठी पुसायला घेतल्या. मधे दोनदा पाणी दिलं. मास्तरांची पानं उलटायची गती वाढत गेली. शेवटच्या पानाशी आले तेव्हा ते अगदी मोठ्यानं वाचू लागले. कोपऱ्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्यानंसुद्धा पेपर खाली घेतला.

“‘नाव काठाला लागली. तो उतरला. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले, पण तो उतरला आणि घाट चढून वर आला. तिनं त्याला काही विचारलं नाही. दोघं घराकडे चालू लागली.’ ”

ग्रंथपालाच्या हातातलं फडकं थांबलं.

कॉलेजात असताना ती या पानावर ढसाढसा रडली होती. तिला ते वाक्य अजून पाठ होतं. नाव रिकामीच काठाला लागली, असं ते वाक्य होतं. त्यापुढे एकच ओळ होती, आणि तिच्यात कुणीही घराकडे गेलं नव्हतं.

“आला बघा!” मास्तरांनी पुस्तक मिटून दोन्ही हात त्यावर ठेवले. “मला वाटलं, संपला हा. काल सकाळपासून मी त्याला पाण्यात धरून ठेवलं होतं. आला बाबा एकदाचा.”

तिनं तोंड उघडलं. या टेबलावरून तिनं आजवर कुणाला चुकीची प्रत दिली नव्हती. छापील पान फाटलं तर त्या जागी ‘पान नाही’ अशी चिठ्ठी चिकटवायची, एवढी तिची शिस्त. मास्तरांच्या चेहऱ्यावर जेवून उठल्यासारखं समाधान होतं.

“काय म्हणत होता?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. आवडला ना शेवट?”

“आवडला म्हणून काय विचारता! हे सुनेला द्यायचंय मला. तिला पहिले दोन भाग तोंडपाठ झालेत माझ्याकडून ऐकून. असंच देऊ, का पुन्हा तुमची नोंद वगैरे?”

“उद्या देते,” ती म्हणाली. “आजच्या दिवस माझ्याकडे असू द्या.”

ते गेल्यावर तिनं मागचं पान उघडलं. तिथं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, वेगवेगळ्या शायांनी वाचणाऱ्यांनी आपापली ओळख लिहून ठेवली होती. पोस्टातली, कंपाउंडर, बालवाडीच्या बाई, कंडक्टरची आई. तिनं मोजले. सदतीस होते. पुस्तक पिशवीत घालून ती नेहमीपेक्षा तासभर आधी निघाली.

आई चहाचं आधण ठेवत होती.

“आई, नावाडी बुडतो.”

“कळलं होय,” आई म्हणाली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

“तो परत येत नाही. नाव रिकामी येते. तूच उतरवलंस ना बघून?”

“पंधरा पानं जशीच्या तशी उतरवली. एक स्वल्पविराम सोडला नाही. ताडून बघ हवं तर.” आईनं साखर घातली. “सोळावं लिहायला घेतलं तेव्हा यांना ऑपरेशनला आत नेलं होतं. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, काही सांगता येत नाही. मी बाहेरच्या बाकावर. पेन हातात, आणि पुढचं वाक्य काय, तर नाव रिकामी आली. माझ्याच्यानं नाही गं लिहवलं.”

“मग?”

“मग लिहिलं, तो उतरला.”

पाणी उकळायला लागलं. आईनं चहाची पूड टाकली. मग ग्रंथपालानं विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःलाच आपला आवाज पोरकट वाटला.

“नंतर तरी बदलायचं होतंस. सिस्टरचं पुस्तक होतंच ना चार दिवस.”

“नंतर कशाला बदलू?” आई म्हणाली. “उतरलेच की.”

तिनं तीन कप भरले. ओतताना थोडा चहा बशीत सांडला. तो तिनं फडक्यानं टिपून घेतला.

“आणि सदतीस जणांनी वाचलं,” ती एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाली, “एकाची तक्रार आली नाही. उगीच मला शिकवू नकोस.”

दोघी चहा घेऊन बाहेर आल्या. बाबांनी पट्टी खाली ठेवली आणि लेकीच्या पिशवीतून डोकावणारं जाडजूड पुस्तक बघून त्यांचे डोळे चमकले.

“अरे, नावाडी! हे अजून आहे? दवाखान्यातून आल्यावर पडल्या पडल्या वाचलं होतं मी. झकास पुस्तक.” त्यांनी कप घेतला. “शेवट तेवढा पटला नाही.”

“का हो?” लेकीनं विचारलं.

“अगं, नदीचं पात्र किती, पाण्याला ओढ किती, सगळं दिलंय त्यात. मी मोजून बघितलं होतं. दोन दिवस तसल्या पुरात गेलेला माणूस असा आपल्या पायांनी चालत घरी येतो होय? लेखकानं ऐन वेळी कच खाल्ली.”

आईनं लेकीकडे बघितलं नाही. तिनं बिस्किटांचा डबा उघडून नवऱ्यापुढे सरकवला.

“बोलू नका जास्त,” ती म्हणाली. “चहा निवतोय.”

बाबांनी चहावर फुंकर मारली, बिस्किट त्यात बुडवलं आणि ते मोडून आत पडायच्या आत घाईघाईनं तोंडात टाकलं. दोघी त्यांच्याकडे बघत बसल्या.